मे महिन्यातलं लग्न आणि नणंदेची साडी

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या गुहागर तालुक्यातल्या. लग्न करून जर्मनीत गेल्या त्याला ११ वर्षं झाली. येत्या मे महिन्यात गावी, घरच्या खळ्यात मांडव घालून त्यांच्या चुलतभावाचं लग्न आहे आणि या खेपेला त्यांची मोठी नणंद पहिल्यांदाच भारतात येते आहे. वय ४८, उंची ५ फूट १० इंच, घटस्फोटित, स्वतः उत्तम शिवणकाम करणारी. मुंबईत दोन दिवस, मग कोकण रेल्वेने चिपळूण, लग्न, नंतर मालवण आणि गोवा असा तीन आठवड्यांचा बेत आहे. नणंदेची इच्छा अशी, की लग्नात नेसायची साडी आणि बरोबर न्यायचे चार कपडे कोकणातच, तिथल्याच विणकराकडून घ्यायचे. ‘प्लास्टिक’ नको. घरून मात्र निरनिराळे सल्ले येताहेत. काकू म्हणतात, पैठणीच घ्या, आणि तिला शिवलेली नऊवारी नि नथ घालून छान फोटो काढू. भाऊ म्हणतो, येवल्याला जाऊन या. गेल्या सुट्टीत ताईंनी तालुक्याच्या बाजारातून ‘सिल्क’ म्हणून नेलेली साडी नणंदेने हातात घेताक्षणी ओळखली होती. तेव्हाचं ओशाळलेपण अजून मनातून गेलेलं नाही. कुठे न्यावं, किती खर्च करावा, परदेशी बाईला नऊवारी नेसवणं बरं दिसेल का, असं त्यांनी विचारलंय. आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘आमच्याकडे आपलं असं काहीच विणलं जात नाही, हे तिला कसं सांगू?’

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत असं मला वाटतं.

कोकणात कापूस पिकत नाही. जांभ्याची तांबडी जमीन आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. कापसाला लागणारी काळी माती घाटावर. म्हणून लुगडं आपल्याकडे कायम घाट उतरूनच आलं. इथल्या बायकांनी इरकली नेसली, घाटावरच्या बाजारातलं सुती लुगडं नेसलं, आणि चोळीचा खण आला तो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातून, गुळेदगुड्डहून. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही बघा. तुमच्या गावाहून धोपाव्याला जाऊन फेरीबोटीत बसलं, की पलीकडे दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात ते या किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं आणि घाटावरचं कापड तिथून गलबतांत चढत होतं. उत्तरेला चौलला तर १६व्या शतकात रेशीम विणलं जायचं. तिथल्या रेशमी कापडाबद्दल त्या काळच्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय. तेव्हा तुमच्या नणंदबाईंना ‘आमच्याकडे काही नाही’ असं खाली मान घालून सांगू नका. पहिल्याच संध्याकाळी नकाशा उघडून बसा आणि कुठलं कापड कुठून कुठल्या घाटाने खाली येतं ते दाखवा. ‘तिथलंच, तिथल्या विणकराकडून’ ही त्यांची कल्पना प्रामाणिक आहे, पण ती कोकणाबद्दल काही माहीत नसताना केलेली आहे. खरं कळल्यावर त्या हिरमुसतील असं तुम्ही धरून चाललात. मला तसं वाटत नाही. हातात घेऊन कापड ओळखणाऱ्या बाईला त्याचा प्रवास ऐकायला आवडेल.

आणि ‘आपलं’ म्हणून काही दाखवायचंच असेल, तर काकूंच्या माजघरातली गोधडी काढा. मी हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. माझ्याकडे आईने शिवलेली एक गोधडी आहे. तिच्यात तीन लुगडी आहेत. वरचं हिरवं, निऱ्या खोचायच्या जागी विरून जाळीसारखं झालेलं. नेमक्या त्या जागेवर आईने टाके दाट घेतलेत, बोटाने चाचपलं तरी कळतं. काठ लवकर फाटत नाही, म्हणून लुगड्याचे काठ काढून ते गोधडीच्या चारही कडांना लावलेत. धावदोरा कडेकडेने सुरू होतो आणि फिरत फिरत मध्यावर येऊन संपतो. आणि नऊवारी लुगडं पंधरा वर्षं धुतल्यावर जितकं मऊ होतं, तितकं मऊ सुत कुठल्याच दुकानात मिळत नाही. घाटावरून आलेलं कापड कोकणातल्या बाईच्या हातून असं तिचं होतं. वन्सं शिवणकाम करतात ना? त्यांच्यापुढे गोधडी उलटी करून ठेवा, पुढचं त्या स्वतःच वाचतील.

आता त्या ‘प्लास्टिक’च्या साडीबद्दल. तुम्ही तालुक्याच्या दुकानाबद्दल जरा रागाने लिहिलंय. ‘सिल्क’ म्हणून सिंथेटिक विकणं चूकच, त्यात दुमत नाही. पण तिथे नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांच्या चळती का असतात, याचा विचार करून बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुती साडी चार-चार दिवस वाळत नाही. पडवीतल्या दांडीवर टाकली तरी तिला कुबट वास येतो आणि वर बुरशीचे ठिपके पडतात. सिंथेटिक साडी रात्री धुतली की सकाळी अंगावर. शेतात, माशांच्या बाजारात, शाळेत, बँकेत जाणाऱ्या बायकांनी ती सोय बघून निवडली आहे. तिला ‘खोटी’ म्हणताना नेसणारीचंही मोल आपण नकळत कमी करतो. तेव्हा तालुक्याच्या दुकानात नणंदेला जरूर न्या. मानपानाच्या साड्या, अस्तराचं कापड, फॉल, खणाचे तुकडे, टॉवेल-टोपी सगळं तिथून घ्या. लग्नघरातल्या बायका तिथे कशी घासाघीस करतात ते त्यांना बघू द्या. फक्त मे महिन्यात मांडवात नेसायची साडी तिथून घेऊ नका.

येवल्याचं म्हणाल तर या खेपेला नको. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, पुणे आणि तिथून पुढे येवला, म्हणजे एक अख्खा दिवस जायला आणि एक यायला, तेही ऐन लग्नाच्या आठवड्यात. माग बघायची त्यांना खरंच हौस असेल तर पुढच्या वेळी थंडीत या आणि येवला-पैठणसाठी वेगळे चार दिवस काढा. साध्या पैठणीलाही विणायला आठवडे लागतात, भरल्या पदराची असली तर महिने. ते शांतपणे बघायचं असतं. शिवाय दुपारच्या मुहूर्ताला, मे महिन्याच्या घामात, आयुष्यात पहिल्यांदा साडी नेसणाऱ्या बाईला जड रेशीम आणि जर म्हणजे शिक्षाच. काकूंचा पैठणीचा आग्रह मायेपोटीच आहे, पण तो त्यांच्या मनातल्या पाहुणीसाठी आहे. प्रत्यक्ष येणारी पाहुणी काय म्हणते ते अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

मग साडी घ्यायची कुठे? मुंबईत. तुम्ही तिथे दोन दिवस आहातच. आपल्याकडच्या लग्नाचा बस्ता पूर्वीपासून कोल्हापूर, बेळगाव नाहीतर दादरला बांधला जातो. मुंबईत साडी घेतली म्हणून ती कमी कोकणातली ठरत नाही, उलट चाकरमान्यांच्या घरातली हीच तर रीत आहे. उतरल्या दिवशी झोप काढू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडताना दादरला पोचा. संध्याकाळच्या गर्दीत दुकानदाराला वेळ नसतो आणि दिव्यांच्या उजेडात रंगही फसवतात. आवडलेली साडी दाराशी, उन्हात नेऊन बघायची सवय लावा.

माझी निवड विचाराल तर महेश्वरी. ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा, बाणा म्हणजे आडवा धागा सुताचा, त्यामुळे हलकी आणि तरीही लग्नाला शोभणारी. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. महेश्वर मध्य प्रदेशात नर्मदेकाठी, पण तिथे विणकर आणून वसवले ते आपल्या अहिल्याबाई होळकरांनी, १८व्या शतकात. ही गोष्ट नणंदेला सांगताना तुम्हालाही बरं वाटेल. दुसरी निवड इरकल. सुती अंग, लाल पदर, आणि अंग नि पदर यांचे धागे एकमेकांत अडकवून केलेला जोड. शिवणकाम करणाऱ्या बाईला तो जोड नुसता दाखवला तरी ती साडी विकत घेईल, असं मला वाटतं. हातमागाची चांगली सुती-रेशमी साडी चार-पाच हजारांत मिळायला हरकत नाही. दोन-तीन हजारांत मात्र कुणी ‘अस्सल हातमागाची पैठणी’ दाखवली, तर ती नाही असंच समजा.

तुमच्यासारख्या पाहुण्यांना घेऊन हिंडणाऱ्या अनेकजणींसाठी दुकानातल्या चार गोष्टी इथे सांगून ठेवते.

दुकानात ‘सेमी’ हा शब्द ऐकला की थांबायचं. सेमी पैठणी, सेमी सिल्क म्हणजे बहुतेक वेळा यंत्रमागावरचं आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉन किंवा पॉलिस्टर. ते घेण्यात काही वाईट नाही, पण रेशमाच्या भावाने घेऊ नये. ‘टेस्टेड जर’ म्हणजे तांब्याच्या तारेवरची जर, चांदीची नाही. पैठणीचा पदर उलटा करून बघायचा. हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच, स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे धागे लोंबतात किंवा कातरलेले असतात. दुकानदार चिडतो का, याची भीती बाळगू नका. चांगला दुकानदार स्वतःच उलटा करून दाखवतो.

खुणा दोन आहेत आणि त्यांच्यात लोक हमखास गल्लत करतात. २००४ साली सुरू झालेली सिल्क मार्क ही खूण धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढंच सांगते, विणलंय कशावर ते सांगत नाही. २००६ची हँडलूम मार्क ही खूण हातमाग सांगते, धागा रेशमाचा की सुताचा ते नाही. नणंदेला ‘हाताने विणलेलं’ हवंय, म्हणून तुम्ही दुसरी बघा. शिवाय बिलावर ‘हातमाग’ आणि धाग्याचं नाव लिहून घ्या. तोंडी दहा वेळा ‘प्युअर’ म्हणणारा माणूस बिलावर तो शब्द लिहायला कचरला, तर तिथूनच उठायचं. घरी शंका आली तर पदराच्या गोंड्यातला एक धागा जाळून बघा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सुताला कागद जळल्याचा वास.

गाडीवाल्याने सुचवलेल्या दुकानात जाऊ नका, हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका पर्यटनाच्या गावी मी मैत्रिणीला घेऊन अशाच एका मोठ्या दुकानात गेले होते. गार हवा, सरबत, पांढऱ्याशुभ्र गादीवर एकामागून एक उलगडत जाणाऱ्या साड्या. विकणारा मुलगा स्वतःच्या शर्टावर पदर घेऊन, निऱ्या घालून दाखवत होता आणि त्याच्या खांद्यावर ती टसर रेशमाची म्हणून दाखवलेली साडी इतकी देखणी पडली, की मी पदराची मागची बाजू बघायचंही विसरले. मुक्कामावर येऊन धागा जाळला, तर गोळी झाली. परत गेलो तेव्हा दुकानदाराने बिलावर लिहिलेल्या ‘फॅन्सी’ या शब्दावर बोट ठेवलं. आमचा चालक बाहेर उभा होता, तो आमच्या नजरेला नजर देईना. त्याचाही राग आला नाही मला, त्याचं पोट दुकानाकडून मिळणाऱ्या दलालीवर होतं. पण माझ्या भरवशावर तिने पैसे मोजले होते, ते मला अजून सलतं. तुमचं ओशाळलेपण म्हणून मला नीट कळतं.

उंचीचं आता बघू, कारण याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, ब्लाउजपीस धरून सव्वासहा. लांबी बहुतेकींना पुरते. पण उंच बाईला खरा प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे साडीच्या रुंदीचा असतो. पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच येतो. नणंदेचं कमरेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या, खोचण्यासाठी त्यात तीन-चार इंच मिळवा. ते ४७ इंच आलं, तर ४५ इंच पन्ह्याची साडी कितीही सुंदर असली तरी आखूड पडणार. दुकानात टेप घेऊनच बसा. तयार परकरही त्यांना आखूड पडेल. ब्लाउजचं तर विचारूच नका. मे महिन्यात कोकणात कुठल्याही शिंप्याकडे जा, तो हात जोडेल. पण तुमच्याकडे उत्तम शिंपीण घरातच आहे! परकर आणि साधं सुती ब्लाउज त्यांनाच जर्मनीत शिवून आणायला सांगा. ब्लाउजचा रंग मोहरी, मरून किंवा गडद हिरवा, म्हणजे साडी त्यावरून निवडता येईल. काळा नको, लग्नात आपल्याकडे काळं घालत नाहीत, काकूंचा जीव उगाच खालीवर होईल.

साडीशिवायचे कपडे सोपे आहेत. सुती कुडते, सैल पायजमे, ओढण्या. कुडत्याचा आकार अक्षरांवरून घेऊ नका, दुकानागणिक बदलतो. त्यांचा अंगात नीट बसणारा एक शर्ट पसरून छातीचं आणि खांद्याचं माप इंचात लिहून ठेवा. दंडाकडे आणि खांद्यात आपले तयार कपडे त्यांना तंग होतील. खणाच्या कापडाचे झगे-कुडते हल्ली सगळीकडे दिसतात, त्यातले पुष्कळ यंत्रमागाचे असतात. त्यापेक्षा नुसता खण घ्या, शिवतील त्या हौसेने. पुढे गोव्यात लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी दिसेल. तुम्ही म्हणता तशा ‘तिथल्याच’ वस्त्राच्या ती सगळ्यात जवळ जाते. गावडा-कुणबी बायका तो पदर खांद्यावर गाठ मारून नेसत, त्या गाठीला देठली म्हणतात. मागे पडलेली ही साडी दिवंगत वेषभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांपुढे आणली. तिच्यातही हातमागाची कुठली आणि छापील चौकड्यांची कुठली, ते उलटं करून बघाच.

आता नऊवारी. याबद्दल मी जरा ठाम आहे.

अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १५व्या शतकात चौलला उतरला होता. इथले राजे, सरदार, त्यांच्या बायका अंगाभोवती वस्त्र कसं गुंडाळतात हे त्याने टिपून ठेवलंय आणि पुढे लिहिलंय, की मी जाईन तिथे माणसं माझ्यामागे येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. साडेपाचशे वर्षं झाली, वाडीतली पोरं अजून तशीच मागे येणार. त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या घरच्या मांडवात तुमच्या नणंदेचं नवल होऊ देऊ नका, तिथे त्या पाहुण्या नाहीत, वरपक्षाच्या घरातल्या आहेत. म्हणून माझा सरळ हिशेब असा: करवल्या आणि घरच्या चार बायका नऊवारी नेसणार असतील, तर वन्संनाही त्यांच्याबरोबर नेसवा. बाकी सगळ्या सहावारीत आणि त्या एकट्याच नऊवारी, नथ, चंद्रकोर लावून फोटोला उभ्या, असं होणार असेल तर नको. आणि काहीही ठरवण्याआधी त्यांना एकटीला विचारा, घरच्यांच्या गराड्यात नाही. भरल्या घरात ‘नाही’ म्हणणं तुम्हाला तरी जमलं असतं का?

नेसणार असतील तर शिवलेली नको. तिचा काष्टा शिंप्याने बेतलेल्या उंचीपुरता असतो, पाच फूट दहाला तो वर चढतो आणि चालताना ओढतो. न शिवलेलं लुगडं, सव्वाआठ मीटर, कुठल्याही उंचीला जमतं. परकर लागत नाही, निऱ्या सुटायची भीती नाही, आणि एकदा काष्टा घट्ट बसला की त्या मांडवात वाढायलाही वाकतील. सुती घ्या. गावातल्या एखाद्या आजींना नेसवायला बोलवा, रोज नऊवारी नेसलेल्या बाईचा हात वेगळाच असतो. नथ चापाची मिळते. ती घालायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

जपणुकीचं थोडक्यात. खाऱ्या हवेत चांदीची जर काळी पडते. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जुन्या मलमलीत गुंडाळा, अत्तराचा फवारा जरीवर पडू देऊ नका. घामेजलेली सुती-रेशमी साडी त्याच रात्री सावलीत पसरायची, मग घडी. घरी गेल्यावर दर काही महिन्यांनी घडी मोडून नव्याने घालायची, नाहीतर घडीवरच विरते.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. नणंद घटस्फोटित आहेत हे तुम्ही ओझरतं लिहून गेलात. लग्नात बायकांच्या ओट्या भरल्या जातील, खण-नारळ, मानाच्या साड्या हातात पडतील. आपल्याकडे अजून कित्येक घरांत ओटी सवाष्णीचीच भरतात. कुणी मुद्दाम दुखवणार नाही, पण रांगेत बसलेल्या त्यांच्यापुढून ताट पुढच्या बाईकडे गेलं, तर भाषा न कळताही त्यांना ते कळेल. साडी कुठून घेतली, हातमागाची की यंत्रमागाची, हे सगळं त्या क्षणी फुकट जाईल. म्हणून काकूंना आताच फोन करा आणि आडवळणाने नको, स्पष्ट बोला. पैठणीला ‘नको’ म्हणायचं आहेच, त्याच फोनवर हे मागून घ्या. काकू नाही म्हणतील असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. ओटी घेताना पदर पुढे कसा धरायचा, हे वन्संना आदल्या दिवशी एकदा करून दाखवा. ताटं आदल्या रात्री लागतात. तेव्हा त्यांच्या नावाचं एक ताट खण घालून, बाकीच्यांच्या ओळीतच लावून ठेवायला सांगा.